तीन गतिरोधक, बावीस डबे

"गतिरोधकाचं परीक्षण कुणी लिहितं का?" मुलीने विचारलं. का नाही? मिसळीचं लिहितात, चपलांचं लिहितात. मिसळ मी वर्षातून दोनदा खाते, आणि हा गतिरोधक मी रोज चार वेळा ओलांडते. शिवाय त्याच्यासाठी मी अकरा महिने खेटे घातलेत. मला लिहायचा हक्क आहे.

मी डबे पोचवते. सकाळच्या फेरीला बावीस, संध्याकाळी सोळा-सतरा. स्कूटरच्या पुढे पायापाशी एक क्रेट, मागे सीटला बांधलेल्या दोन पिशव्या. डबा चार कप्प्यांचा, आमटी सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद. एवढं करूनही रस्ता वाईट असेल तर आमटी वर चढते आणि पोळ्या भिजतात. भिजलेल्या पोळीबद्दल गिऱ्हाईक रस्त्याला बोलत नाही, मला बोलतं. म्हणून या परीक्षणात माझं मोजमाप एकच आहे. आमटी सांडली की नाही? आणि बुधवारी आमटीच्या जागी कढी असते. कढीला काही म्हणजे काही धरबंध नसतो. जो गतिरोधक कढी सांभाळतो तो खरा.

शहराचं नाव लिहीत नाही. ज्या कार्यालयाबद्दल लिहिणार आहे तिथे माझी अजून एक फाईल अडकलेली आहे.

आमचा रस्ता 9 मीटर रुंद. रेशन दुकानापासून पाण्याच्या टाकीच्या पंपापर्यंत साधारण 600 मीटर नाकासमोर सरळ. मधोमध शाळा, शाळेच्या अलीकडे मारुती, पलीकडे दूध डेअरी आणि मेडिकल. पूर्वी या रस्त्याला आमच्याशिवाय कुणी वाली नव्हता. मग मोठ्या चौकात सिग्नल आला आणि तो चुकवायला अख्खं गाव आमच्या दारातून जायला लागलं. सिग्नलला दोन मिनिटं थांबायचा ज्याला कंटाळा, तो आमच्या रस्त्यावर सावकाश कशाला जाईल?

गेल्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू झाल्याच्या आठवड्यातच, तिसरीतल्या एका मुलाला मोटरसायकलने उडवलं. मांडीचं हाड मोडलं. मी तेव्हा डेअरीसमोर होते. आवाज मोठा नव्हता, भाजीची पिशवी पडावी तेवढाच. त्याची एक चप्पल मात्र माझ्या स्कूटरच्या चाकापाशी येऊन पडली होती. ती मी उचलली आणि दिवसभर क्रेटमध्येच राहिली. संध्याकाळी त्याच्या आईला नेऊन दिली तेव्हा तिने ती हातात घेतली आणि म्हणाली, "ताई, नवी आहे हो."

पहिला गतिरोधक त्याच रात्री जन्माला आला. मंडळाच्या पोरांनी शेजारच्या बांधकामावरून उरलेलं काँक्रीट आणलं आणि शाळेसमोर रस्त्यावर आडवं ओतलं. हेतूबद्दल पैकीच्या पैकी. वस्तूबद्दल मात्र काय लिहू? उंची उभ्या विटेएवढी आणि रुंदी भाकरीएवढी. रंग नाही, पाटी नाही, रात्री दिवा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलगाडीच्या वेगाने गेले तरी पुढचं चाक धाडकन चढलं, धाडकन उतरलं, मग मागचं चढलं, उतरलं. चार दणके. बावीसपैकी नऊ डब्यांत आमटी वर आली होती. मेडिकलवाल्या भाऊंची बायको मागे बसून येताना उडाली आणि तिच्या मणक्याला मार बसला. तीन आठवडे पट्टा. गाड्यांचे बुडखे घासून काँक्रीटवर काळे पट्टे पडले, तेवढाच काय तो रंग. पाचव्या दिवशी पोरांनीच पहार घेऊन तो फोडला. काही अॅपवर एक तारा दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, म्हणून एक तारा.

मग आम्ही शहाण्या माणसांसारखा अर्ज करायचं ठरवलं. इथून पुढचं परीक्षण सेवेचं.

क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला. पोच मिळाली, आवक क्रमांक मिळाला. आठवड्याने गेले तर सांगितलं, वाहतूक पोलिसांचं ना हरकत लागतं, ते आणा. वाहतूक शाखेत गेले तर म्हणाले, आम्ही नागरिकांना ना हरकत देत नाही, पालिकेने आम्हाला पत्र द्यावं. परत कार्यालयात. "त्यांनी लेखी मागितलंय का?" तोंडी मागितलंय. "मग लेखी आणा." मुलीने अॅपवर तक्रार टाकली, तर चौथ्या दिवशी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला. काय निकाल लागला ते त्यात नव्हतं. नगरसेवकाकडे जावं, तर तेव्हा आमच्याकडे 2022 पासून प्रशासकच होता. जुने नगरसेवक भेटले, चहा पाजला, म्हणाले, "आता माझ्या हातात काय आहे, वहिनी?" हातात असताना काय होतं ते मी विचारलं नाही. चहा चांगला होता.

शेवटी सप्टेंबरात संयुक्त पाहणी झाली. म्हणजे पालिकेचा एक माणूस आणि वाहतुकीचा एक हवालदार एकाच वेळी एकाच रस्त्यावर उभे राहिले. या एका गोष्टीला अडीच महिने लागले होते.

दिवाळीच्या आधी दुसरा गतिरोधक आला. काळे-पिवळे रबरी तुकडे तुम्हीही पाहिले असतील, मॉलच्या पार्किंगमध्ये असतात तसले. एकेक तुकडा अर्धा मीटर लांब, 35 सेंटिमीटर रुंद, 5 सेंटिमीटर उंच. एकाला एक जोडून रस्त्यावर बोल्टने ठोकायचे. दोन माणसं, एक ड्रिल, पाऊण तास. आम्ही पेढे वाटले. खरंच वाटले, माझ्याकडे पुरावा म्हणून फोटो आहे.

पहिले दोन महिने बरे गेले. दुरून दिसायचा, उंची कमी, आमटी पाच-सहा डब्यांतच चढायची. पण माझ्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. मी त्याच्यावरून मुंगीच्या पावलाने जायची आणि मागून येणारी मोठी, उंच चाकांची काळी गाडी वेग तसूभरही कमी न करता भर्रकन निघून जायची. फक्त डबक् असा आवाज. जेवढी जोरात जायची तेवढा आत बसलेल्यांना धक्का कमी, असं वाटावं. हे मी पुढे पीडब्ल्यूडीतल्या काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर बघितलंस. अरुंद उंचवटा चाक गिळतं. चाक वर जाऊन खाली येईपर्यंत गाडीच्या धडाला पत्ताच लागत नाही. मोठं चाक, भारी स्प्रिंग, की संपलं. सापडतो तो सायकलवाला आणि तू."

म्हणजे ज्यांना थांबवायचं ते सुटले आणि ज्यांनी कधी कुणाला धडक दिली नाही त्यांच्या पोळ्या भिजल्या.

जानेवारीत बोल्ट सैल झाले. पाण्याचा टँकर रोज त्याच जागेवरून वळतो, तिथले दोन तुकडे आधी हलायला लागले, मग एक सकाळी नव्हताच. फेब्रुवारीपर्यंत डाव्या कडेचे चार तुकडे गेले. कुणाच्या तरी फाटकापाशी उतार म्हणून लागले असतील, मी पाहिलेत, पण बोलत नाही. तुकडे गेले तरी बोल्ट राहिले, डांबरातून बोटभर वर. माझं मागचं टायर त्यातल्या एकानेच फाडलं. ट्यूबलेस टायर, तरी हवा बघता बघता गेली. त्या दिवशी बावीस डबे दोन रिक्षांतून गेले आणि दिवसाची कमाई रिक्षावाल्या मामांना.

पण टायरचं मी विसरले असते. खरी भीती दुसरीच होती. डावीकडे चार तुकड्यांची, म्हणजे 2 मीटरची फट पडली. मोटरसायकलवाल्यांना ती बरोबर सापडली. रस्त्याच्या मधून येणारा प्रत्येक जण शाळेसमोर आला की फटीकडे कलायला लागला. आणि त्या डाव्या कडेने कोण चालत असतं? शाळेची पोरं. गतिरोधक नव्हता तेव्हा गाड्या निदान मधून जात होत्या. आता आम्ही अर्ज करकरून, ना हरकत आणून, पेढे वाटून त्या पोरांच्या अंगावर वळवल्या होत्या. एके दुपारी मी स्कूटर स्टँडला लावून पंधरा मिनिटं नुसती बघत उभी राहिले. एक जण फटीतून गेला, एका मुलीच्या दप्तराचा पट्टा त्याच्या आरशाला घासला. मुलीने वळूनही पाहिलं नाही. तिला सवय झाली होती.

रबरी गतिरोधकाला दीड तारा. सोसायटीच्या आत, पार्किंगच्या तोंडाशी, रोज झाडणारा वॉचमन असेल तिथे घ्या. टँकर जातो त्या रस्त्यावर घेऊ नका.

मार्चमध्ये मारुतीच्या सभामंडपात बैठक झाली. कार्यालयाकडून या रस्त्यासाठी नव्याने आलेल्या कनिष्ठ अभियंता मॅडम, वाहतुकीचे तेच हवालदार साहेब, शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आणि आम्ही साठेक जण. चहा-बिस्किटं माझ्याकडे होती, त्यामुळे मला सगळ्यांचं ऐकू आलं.

पहिला अर्धा तास सगळे गतिरोधकाच्या बाजूने होते. मग मॅडमनी विचारलं, "जागा कुठली?" आणि मंडपाचं रूपच पालटलं. डेअरीवाले म्हणाले, माझ्यासमोर नको, कॅन उतरवायला टेम्पो उभा असतो. मेडिकलवाले भाऊ म्हणाले, बायकोच्या पाठीचं झाल्यापासून मला तो शब्दही नको. शाळेजवळच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं दुखणं तर मला आजवर सुचलंच नव्हतं. रात्री अकराला गॅसचा टेम्पो परत जातो, रिकाम्या सिलिंडरांनी भरलेला. रबरी पट्टीवर तो चढला की पन्नास सिलिंडर एकदम वाजतात. त्यांची सासू दचकून उठते आणि मग पहाटेपर्यंत कुणालाच झोपू देत नाही. "एकदा येऊन झोपा आमच्याकडे," त्या मॅडमना म्हणाल्या. मॅडमनी वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं असेल कोण जाणे.

एका गृहस्थांचे वडील डायलिसिसला आठवड्यातून तीनदा जातात. ते शांतपणे बोलले, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. प्रत्येक दणक्याला वडील हात घट्ट धरतात, एवढंच ते म्हणाले. मग रुग्णवाहिकेचा विषय निघाला, बाळंतिणीचा निघाला. जिमवाल्या पोराचं म्हणणं, उंचवटे बंद करा, कॅमेरे लावा, दंड लावा. हवालदार साहेब म्हणाले, "बाळा, वेग मोजायची गाडी आम्हाला मोठ्या रस्त्यांना पुरत नाही, तुझ्या गल्लीत कुठून आणू?" त्यावर पोरगा म्हणाला, मग रस्ता एकेरी करा. एकेरी म्हटल्यावर सगळी दुकानं त्याच्या अंगावर धावून गेली. थोडक्यात, सगळ्यांना गतिरोधक हवा होता, पण आखूडशिंगी, बहुदुधी. दुसऱ्याचा वेग कमी करील आणि आपल्याला जाणवणार नाही, असा. आणि दुसऱ्याच्या दारात.

मॅडमनी जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सांगितला. सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला की जीव जाणाऱ्या अपघाताचा धोका 4 टक्क्यांनी वाढतो. हवालदार साहेबांनी देशाचा आकडा सांगितला, 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. मंडप क्षणभर गप्प झाला आणि लगेच परत डेअरीच्या कॅनवर आला. आकडा मोठा असला की तो आपल्या रस्त्याचा वाटत नाही, माझंही तसंच झालं. मला ती चप्पलच आठवत होती.

मग पीडब्ल्यूडीतले निवृत्त काका उठले. आम्ही सगळे त्यांना थोडे टाळतो, कारण ते बोलायला लागले की वरण उतू जातं. पण त्या दिवशी त्यांनी हातात इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, पातळशी पुस्तिका धरली होती. क्रमांक 99, मूळची 1988 ची, पुढे 2018 मध्ये नव्याने काढलेली. गतिरोधक कसा असावा हे देशात लिहून ठेवलेलं आहे, हे साठ जणांपैकी अठ्ठावन्न जणांना पहिल्यांदा कळत होतं. काकांनी माझ्याकडे रांगोळी मागितली. मारुतीच्या दारात रांगोळीचा डबा असतोच. टेलर मामांची टेप घेतली आणि शहाबादी फरशीवर एक रेघ मारली, 3.7 मीटर.

"गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेने गतिरोधक एवढा लांब हवा," काका म्हणाले. "आणि उंची फक्त 10 सेंटिमीटर."

अर्धी वीत उंच आणि दोन माणसं एकामागे एक झोपतील एवढा लांब! इंग्रजीत याला झोपलेला पोलीस का म्हणतात ते मला तेव्हा कळलं. आमच्याकडे निजलेला पोलीस नव्हता, त्याची काठी पडली होती.

काकांनी पुढे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. स्कूटरच्या दोन चाकांत सव्वा मीटरचं अंतर, गाडीच्या चाकांत अडीचेक मीटर. उंचवटा भाकरीएवढा असेल तर एकेक चाक वेगळं आपटतं. उंचवटा 3.7 मीटर असला की दोन्ही चाकं एकाच वेळी त्याच्यावर मावतात, अख्खी गाडी हळूच वर येते आणि हळूच उतरते. ताशी 25 किलोमीटरने गेलात तर पाळण्यात बसल्यासारखं. 40 ने गेलात तर मात्र अख्खी गाडी, माणसांसकट, वर फेकली जाते. तिथे मोठं चाक कामाला येत नाही, भारी स्प्रिंग कामाला येत नाही. हा गोल आकार 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आहे म्हणे. ब्रिटनमधल्या रस्त्यांच्या प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात निरनिराळे उंचवटे बनवून, त्यांच्यावरून गाड्या नेऊन हा आकार ठरला. त्याच्याही आधी, 1953 साली, अमेरिकेत सेंट लुईसच्या एका विद्यापीठात आर्थर कॉम्प्टन नावाच्या शास्त्रज्ञाने रस्त्यावर असे उंचवटे बसवले होते. भौतिकशास्त्रातलं नोबेल मिळालेला माणूस! अणू-रेणू झाल्यावर त्यालाही शेवटी दारातल्या गाड्यांचा त्रास झालाच.

"मग आपल्याकडे असे का करत नाहीत?" मुख्याध्यापिका बाईंनी मॅडमकडे बघून विचारलं.

मॅडमचं उत्तर मला आवडलं, कारण त्यांनी सारवासारव केली नाही. म्हणाल्या, गतिरोधकाची मागणी येते ती नेहमी 'उंच करा' अशी येते. माप कुणी विचारत नाही. ठेकेदाराला सांगितलं की तो डांबरीकरणातलं उरलेलं डांबर टाकून फावड्याने गोल करतो. मोजायला कुणी जात नाही. "मी मोजीन," त्या म्हणाल्या, "पण मला साचा लागेल."

ठेकेदाराचा माणूस मागे उभा होता. तो म्हणाला, एवढं डांबर परवडत नाही. काकांनी पुस्तिका मिटली आणि मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये घातलेलं कलम 198अ सांगितलं. मानकांप्रमाणे रस्ता केला नाही आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. त्या माणसाने मग बिस्किट घेतलं आणि परवडण्याचा विषय काढला नाही. लाख रुपये त्याला काय जड आहेत, पण कलमाचा आकडा पाठ असलेला म्हातारा जड असतो.

साचा आमच्या सुताराने केला. प्लायचा, दोन तुकड्यांचा, खालून कमान. मे महिन्यात रस्त्याच्या डांबरीकरणाचं काम निघालं, पावसाळ्याआधी नेहमी निघतं तसं, आणि त्यातच एका रात्री तिसरा गतिरोधक झाला. मी रात्री साडेदहापासून तिथे होते. जुने बोल्ट कापून काढले. शाळेच्या फाटकाच्या थोडं अलीकडे खडूने रेघा मारल्या, जुन्या डांबराला टोचे मारले, वर पातळ डांबराचा हात फिरवला आणि मग गरम खडी ओतली. वाफ येत होती, आणि तो वास अंगाला असा बसला की दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांनाही येतोय की काय वाटत होतं. रोलर एकदा फिरला, मॅडमनी साचा वर ठेवला, मोबाईलचा टॉर्च खाली धरला. मधे फट. "इथे कमी आहे, दोन घमेली टाका." परत रोलर, परत साचा. असं पाच वेळा. रोलरवाला वैतागला होता. "मॅडम, शेवटी गाड्याच जाणार ना याच्यावरून?" मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच." रात्री दीडला साचा बसला. दोन्ही कडांना गटाराशी पाणी जाईल एवढी जागा मोकळी ठेवली. पहिल्या दोन गतिरोधकांना हे कुणी केलं नव्हतं, त्यामुळे पावसात शाळेसमोर तळं व्हायचं.

योगायोगाने दुसरा दिवस बुधवार. कढी.

मी बावीस डबे घेऊन निघाले. गतिरोधकाआधी काटा बघितला, 22-23 असेल. स्कूटर चढायला लागली आणि चढतच राहिली. दणका येईल म्हणून मी दात आवळले होते, तो आलाच नाही. वर पोचले, उतरले. पुढे जाऊन डेअरीसमोर थांबले आणि भर उन्हात एकेक डबा उघडून पाहिला. दूधवाले विचारत होते, "ताई, काय हरवलं?" बावीसपैकी एकाही डब्यात कढी वर चढली नव्हती. एकाचं झाकण ओलं होतं, पण ते माझंच सैल लागलं होतं.

उलटी परीक्षा भाच्याने करून दिली, न सांगता. संध्याकाळी डबे पोचवायला त्याला पाठवलं, तो 40 ने गेला. परत आला तेव्हा डोक्यावरचं हेल्मेट वाकडं, पिशवी कढीत निथळत होती आणि चेहरा असा की मी काही बोललेच नाही. उंच चाकांच्या काळ्या गाड्या आता काय करतात ते मी डेअरीच्या पायरीवरून बघते. पहिल्यांदा येणारा जोरात येतो, त्याचं डोकं टपाला लागतं. दुसऱ्यांदा येणारा ब्रेक मारतो. वहिनींच्या सासूबाईंची झोप अजूनही मोडते का, ते मी मुद्दाम विचारलं. गॅसचा टेम्पो आता वाजतो, पण सिलिंडर नाचत नाहीत, नुसते किणकिणतात म्हणे. डायलिसिसवाले आजोबा रिक्षातून जातात, त्यांचा मुलगा मला हात करतो.

आता उणं. रंग आठवड्याने आला, काळे-पांढरे पट्टे, जाड थर्मोप्लास्टिकचे, चमकणारे. तो एक आठवडा रात्री काळ्यावर काळं होतं. आम्ही चुना टाकून वेळ मारून नेली, नाहीतर पहिल्याच रात्री कुणीतरी पडलं असतं. सूचनेची पाटी 40 मीटर अलीकडे हवी. रेशन दुकानाकडून येताना ती आहे, पण गुलमोहराच्या फांदीत. फांदी छाटायची तर उद्यान विभागाची परवानगी. पंपाकडून येताना पाटी अजून नाहीच, नुसता खांब आहे, त्याला हल्ली क्लासची जाहिरात लटकते.

आणि सगळ्यात मोठं उणं म्हणजे तो एकटा आहे. 600 मीटर सरळ रस्त्यावर एकच गतिरोधक असला की माणूस तिथे सभ्य होतो आणि उतरल्याबरोबर गेलेला वेळ भरून काढायला पिळतो. शाळेसमोर 20, डेअरीपुढे परत 50. पुस्तिकेत म्हणे 100 ते 120 मीटरवर एकेक, अशी माळच सांगितली आहे. म्हणजे आमच्या रस्त्याला निदान तीन-चार तरी अजून हवेत. मॅडम तयार आहेत, साचा सुताराकडे उभा आहे. जागा मिळत नाही. पंपाच्या बाजूला एका डॉक्टरांचं फाटक आहे, ते म्हणतात पेशंट नाराज होतील. त्यांच्यासमोर बिल्डरचं ऑफिस, ते काही म्हणत नाहीत, नुसतं होत नाही.

तिसऱ्या गतिरोधकाला साडेचार तारे. अर्धा कापला तो पाटीचा. सेवेला, म्हणजे अर्जापासून डांबरापर्यंत, दोन, आणि ते दोन्ही मॅडमचे. अकरा महिने, चौदा फेऱ्या, तीन वेगवेगळ्या टेबलांवर एकाच कागदाच्या झेरॉक्स. साचा घेऊन रात्री दीडपर्यंत उभं राहणारं माणूस मिळालं नसतं, तर आम्हाला तिसऱ्यांदाही काठीच मिळाली असती. त्यांची बदली व्हायच्या आत तुमच्या रस्त्याचं काम काढा, असं सांगितलं असतं, पण मग शहर ओळखू येईल.

घ्यायचा असेल तर एवढंच विचारा, "गाडीच्या दिशेने लांबी किती?" उंची विचारू नका. समोरचा माणूस हाताने वीत दाखवायला लागला तर अर्ज मागे घ्या.

पुढच्या जागेसाठी मी माझंच फाटक लिहून दिलंय. घर रस्त्याच्या तोंडाशी, रेशन दुकानाशेजारी. आवाज झाला तर होऊ दे, पहाटे चारला मी कणीक मळत असतेच. नवऱ्याने विचारलं, आपल्याच दारात कशाला? मी म्हटलं, मग कुणाच्या? अर्ज 18 तारखेला दिला, आवक क्रमांक फ्रिजवर दुधाच्या हिशेबाशेजारी चिकटवलाय. कार्यालयातून काल फोन आला होता. वाहतूक पोलिसांचं ना हरकत लागतं म्हणाले.